नाशिक रोड ते रामकुंड

नाशिकला रेल्वे आली, पण नाशकात आली नाही. सह्याद्री चढायला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने थळ घाट निवडला. कसाऱ्याहून इगतपुरीकडे सदतीस फुटांना एक फूट असा चढ, गाडीला लावावी लागणारी जादा इंजिनं, बोगदे, दऱ्यांवरचे पूल, हे सगळं पार पडून १ जानेवारी १८६५ रोजी घाटातला लोहमार्ग खुला झाला. कंपनीची नजर खानदेश-वऱ्हाडच्या कापसावर होती. रुळांनी सोयीची जमीन धरली आणि गोदावरीचं तीर्थ डावीकडे ठेवून ते मनमाडच्या दिशेला निघून गेले. स्थानक पडलं गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब. नावही पडलं नाशिक रोड.

स्थानक आणि गोदावरीवरचं रामकुंड यांच्यामधल्या या आठ-नऊ किलोमीटरांनी पुढच्या दीडशे वर्षांतली नाशिकची यात्रा घडवली. तिथे टांगे धावले, ट्राम धावली, खासगी मोटारी आणि मग एसटी धावली. माणसं दाटीवाटीने बसली, भुकेली उतरली, घाईने देव पाहून परत स्थानकावर पळाली. नाशिकच्या इतिहासात पेशव्यांचे वाडे आणि देवळांच्या बांधणीचे खर्च तपशिलाने येतात. यात्रेकरूला गावात आणणारा, त्याला जेवू घालणारा आणि परत सोडणारा माणूस मात्र त्या पानांवर फारसा दिसत नाही, आणि गाव तर त्याच्याच कष्टांवर उभं राहिलं आहे.

वास्तविक या माणसाची नोंद नाशकातच दगडात कोरलेली आहे. शहरापासून आठेक किलोमीटरवर, जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याला लागून त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्यातल्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. चोवीस लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, इसवीसनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले. त्यांत दानांची यादी आहे. गाई, सोनं, गावं आहेतच, पण प्रवाशाच्या डोळ्यांनी वाचणारा वेगळ्याच ओळींवर थबकतो. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या. विहिरी, तळी, बागा केल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावा ठेवल्या आणि पलीकडे जाणाऱ्याकडून उतराईचा पैसा घेतला जाणार नाही अशी व्यवस्था केली. नदीच्या दोन्ही तीरांवर बसायला मंडप आणि पाणपोया केल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर फुकट फेरी, निवारा आणि पिण्याचं पाणी. यातलं गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचं गोवर्धन गाव. तिथल्या विणकरांच्या श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण नाणी ठेवली, दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या भिक्षूंची वस्त्रं आणि किरकोळ गरजा भागायच्या.

सतराव्या लेण्याचा दाता तर परदेशी होता. धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा यवन, अशी त्याने आपली ओळख कोरून ठेवली आहे. ग्रीक वळणाचा एक माणूस उत्तरेतून नाशकापर्यंत आला, इथे त्याने लेणं खोदवलं आणि त्याचं पुण्य आईवडिलांच्या नावे केलं. गावात बाहेरचा माणूस येणं, त्याची सोय होणं आणि त्याने आपलं नाव मागे ठेवून जाणं, ही रीत इतकी जुनी आहे.

नाव मागे ठेवण्याची रीत पुढे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये गेली. लांब अरुंद पानांच्या या वह्यांत घराण्यांच्या वंशावळी असतात. कोण, कुठल्या गावचा, कशासाठी आला, बरोबर कोण होतं, घरात कोण जन्मलं आणि कोण गेलं हे लिहून खाली सही. जुनी पानं मोडीत आहेत. प्रत्येक उपाध्यायाकडे ठरावीक प्रांतांचे, ठरावीक आडनावांचे यजमान. आजही परगावाहून आणि परदेशातून आलेली माणसं रामकुंडाशेजारी मांडी घालून बसतात आणि पणजोबाचं अक्षर शोधतात. सापडलं की त्याखाली स्वतःचं नाव लिहितात. नाशिकमध्ये पाहण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं, तर देवळांच्या आधी या वह्यांचं नाव घ्यायला हवं.

रेल्वेच्या आधी यात्रेकरू एका दिवसात परत फिरत नसे. पायी किंवा बैलगाडीने आलेलं कुटुंब उपाध्यायाच्या वाड्यात नाहीतर धर्मशाळेत उतरायचं. क्षौर, स्नान, श्राद्ध, पिंडदान, पंचवटीतलं दर्शन, तपोवन, आणि ताकद असेल तर अठ्ठावीस किलोमीटरवरचं त्र्यंबक. जेवण उपाध्यायाच्या घरचं किंवा स्वतः चूल मांडून रांधलेलं. वाटेत शिजवलेलं अन्न विकत घेऊन खाणं हे बहुतेक जातींना मान्य नव्हतं, त्यामुळे तेव्हाच्या नाशकाची खाद्ययात्रा म्हणजे शिधा, सरपण आणि भांडी. तांब्या-पितळेचं काम इथे नावाजलेलं. भांडीबाजारातल्या तांबटांनी घडवलेल्या गडूत गोदेचं पाणी भरून, तोंड बंद करून ते गावी न्यायचं आणि शेजारीपाजारी चमचा चमचा वाटायचं.

रेल्वे आली आणि हा मुक्काम आखडला. सकाळी उतरायचं, संध्याकाळची गाडी पकडायची, मधल्या वेळात जमेल तेवढं उरकायचं. एका दिवसाचं नाशिक तेव्हा जन्माला आलं. पण त्या दिवसातले पहिले आणि शेवटचे काही तास नाशिक रोडच्या वाटेवरच संपत. मधे झाडी, वस्ती तुरळक, टांगेवाला मागेल ते भाडं.

त्यावर १८८९ मध्ये उपाय निघाला तो ट्रामचा. आजही नाशिककरांना सांगितलं तर अनेकांना आश्चर्य वाटतं, पण मुंबईबाहेर ट्राम असणाऱ्या मोजक्या गावांत नाशिक होतं. मेनरोडवर जिथे पुढे नगरपालिकेची जुनी इमारत उभी राहिली, तिथून ती निघायची आणि नाशिक रोड स्थानकाला जायची. दोन डबे आणि ओढायला चार घोडे. रूळ अडीच फूट रुंदीचे. सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जीआयपीच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आलेल्या या माणसाला लहान, स्वस्त रुळांचं वेडच होतं. नाशिकच्या ट्रामनंतर त्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी १८९७ मध्ये धावू लागली आणि पंढरीच्या वारकऱ्यांच्या अनेक पिढ्यांना ओळखीची झाली. म्हणजे गोदावरी आणि चंद्रभागा, दोन्हीकडच्या यात्रेकरूंच्या वाटेवर एकाच इंग्रज अभियंत्याचे रूळ होते. महाराष्ट्राने या माणसाची आठवण ठेवायला हवी होती.

पुढे घोडे गेले आणि ट्रामला इंजिन आलं. दरम्यान गोदावरीवर १८९५ मध्ये व्हिक्टोरिया पूल झाला, आज तो अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. पावसाळ्यात नदी फुगली की नाशिक एका तीरावर आणि पंचवटी दुसऱ्या तीरावर अशी ताटातूट व्हायची, ती या पुलाने संपवली. नदीचं पाणी किती चढलं हे मात्र लोक आजही पुलावरून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघूनच ठरवतात. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा, वसईच्या विजयाची आठवण सांगणारी, हीदेखील पुराची अशीच एक खूण.

ट्राम टिकली चाळीसेक वर्षं. प्लेगच्या साथी आणि दुष्काळ यांनी तिचं उत्पन्न खाल्लं, रस्त्यावर मोटारी आल्या, आणि १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती बंद पडली. आज तिचे रूळ नाहीत की डबा नाही.

ट्राम शेवटचे श्वास घेत असतानाच्या त्याच वर्षांत नाशकात एक वेगळी गर्दी उभी राहिली. तिच्याविषयी बोलल्याशिवाय या गावाच्या पर्यटनाचा इतिहास सांगणं खोटेपणाचं होईल. रेल्वेचे डबे भाड्याप्रमाणे वेगळे होते, जातीप्रमाणे नव्हते. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कुणाच्याही मांडीला कुणाचीही मांडी लागत होती. स्थानकावर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं असायचं, पण डब्यात घुसमट सगळ्यांची एकच. हाच प्रवासी पंचवटीत पोचला की त्यातल्या काहींसाठी दारं बंद. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं, काळ्या दगडाचं काळारामाचं देऊळ अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना बाहेरूनसुद्धा धड पाहता येत नव्हतं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक देवळाकडे निघाली. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींची पहिली तुकडी बसली, १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. चारही दारांवर धरणं धरलं गेलं. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा पुढची काही वर्षं रेटला, माणसं तुरुंगात गेली, मार खाल्ला, आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं.

मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला १९४७ मध्ये. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. एकीकडे देवळाचं दार कायद्याने उघडलं आणि वर्षभराच्या आत तिथवर नेणारी सरकारी गाडी सुरू झाली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. तरी नाशिकच्या दृष्टीने त्या एकत्रच ठेवाव्याशा वाटतात, कारण दर्शन सगळ्यांचं व्हायला दोन्ही लागणार होतं. गाडगे महाराजांनी नाशकात गोदेकाठी बांधलेली धर्मशाळा हा त्याच वाटेवरचा तिसरा आधार. जात न विचारता रात्र काढायला छप्पर देणारी.

एसटीच्या आधी रस्त्यावर खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. गाडी भरली की सुटायची, आणि भरली कधी हे मालक ठरवायचा. एसटीने वेळ छापून लावली आणि भाडं ठरवून दिलं. गर्दी काही कमी झाली नाही. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आणि प्रसंगी लहान मूल आत टाकून जागा धरण्याची कला महाराष्ट्रभर वाढली, नाशिकच्या सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकावर आणि पंचवटीच्या निमाणी बसस्थानकावरही. वाहकाच्या पंचचा टकटक आवाज, पुढे सरका, मागे जागा आहे ही आरोळी, पायाशी भाजीची करंडी, मांडीवर कुणाचं तरी नातवंड. कित्येक वर्षं शहरातल्या गाड्याही एसटीच चालवत होती. ८ जुलै २०२१ रोजी महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली आणि शहरापुरतं ते काम तिकडे गेलं.

एसटीने सीबीएसहून नाशिक दर्शनाची गाडीही काढली. सकाळी निघून पंचवटी, पांडवलेणी, मुक्तिधाम आणि त्र्यंबक, संध्याकाळी परत. वाडा, उपाध्याय, वही, मुक्काम हे सगळं ज्यांच्या ऐपतीबाहेरचं किंवा ओळखीबाहेरचं होतं, त्यांना एका तिकिटात नाशिक मिळालं. या फेरीला साजेशी देवळंही उभी राहिली. नाशिक रोडला १९७१ मध्ये झालेलं मकराण्याच्या संगमरवराचं मुक्तिधाम हे त्यातलं ठळक. बिटको घराण्याने बांधलेल्या या देवळात बाराही ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती आहेत आणि भिंतींवर गीतेचे अध्याय. जुन्या मताचे लोक याला नाक मुरडतात. पण ज्या बाईला आयुष्यात केदारनाथ आणि रामेश्वर दोन्ही घडणार नाहीत, तिला एका थांब्यावर बारा नमस्कार घालता आले, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

दर्शनाची घाई वाढली तशी खाण्याची तऱ्हा बदलली. वेळ नसलेल्या माणसाला चूल मांडता येत नाही. त्याला पटकन मिळेल, पोट भरेल आणि पिशवीत टिकेल असं काहीतरी हवं. नाशिकचा चिवडा असा वाढला. पोहे इथले, कांदा इथला, लासलगावच्या बाजारामुळे तर कांद्याला तोटा नाही. तळून कुरकुरीत केलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि मसाला. घडीभर ठेवा की महिनाभर, बिघडत नाही. परतीच्या वाटेवर गोदेच्या पाण्याच्या गडूशेजारी चिवड्याचं पुडकं आलं आणि कोंडाजी चिवड्याचं नाव मुंबईपुण्याच्या घरांत पोचलं. श्राद्धाला आलेल्या माणसाने तीर्थावर कांदा-लसूण वर्ज्य करायचा आणि घरी जाताना मात्र कांदालसणाचा चिवडा न्यायचा, यात गावाला कधी विसंगती वाटली नाही. सायंताराचा साबुदाणावडा आणि बुधा हलवायाची जिलेबी या दोन गोष्टींसाठी तर जुन्या नाशकाच्या गल्ल्यांत शिरणारे देवळापर्यंत जातातच असं नाही.

मिसळीची गोष्ट निराळी. ती यात्रेकरूंपेक्षा कामगारांची. नाशिक रोडला १९२०च्या दशकात सरकारी छापखाने आले, पुढे ओझरला विमानांचा कारखाना, सातपूर आणि अंबडला औद्योगिक वसाहती. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याला, रात्रपाळीहून परतणाऱ्याला दोन पावांत दुपारपर्यंत तगायचं असे. मटकीची उसळ, वर शेव, वेगळ्या भांड्यात तर्री, लिंबू, कांदा, आणि नाशिकची खास खूण म्हणजे बाजूला पापड. सातपूरच्या श्यामसुंदरसारखी नावं कामगारवस्तीतूनच वर आली. आता रविवारी सकाळी मुंबईच्या गाड्या गंगापूर रस्त्याला मिसळीसाठी येतात. चुलीवरची मिसळ, द्राक्षमळ्यातली मिसळ, खाटेवर बसून मिसळ. याच भागात सुलाची वायनरी उभी राहिली आणि दारू न पिणाऱ्यांच्या तीर्थक्षेत्राला वाइन बघायला येणारा पाहुणा मिळाला. नाशिकने त्यालाही जागा करून दिली.

गर्दीचा धोका मात्र या गावाने फार जवळून पाहिला आहे. अठराव्या शतकात सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या स्नानाच्या मानावरून शैव आणि वैष्णव साधूंमध्ये रक्तपात झाला आणि पेशव्यांच्या निवाड्याने शैवांनी त्र्यंबकच्या कुशावर्तात, वैष्णवांनी नाशिकच्या रामकुंडात स्नान करायचं ठरलं. ती वाटणी आजही चालते. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. त्या रस्त्याच्या उतारावरून चालताना भिंती किती जवळ आहेत हे पाहिलं की अंगावर काटा येतो. २०१५च्या सिंहस्थात खासगी वाहनं शहराबाहेर अडवली गेली आणि आत यायला एसटीच्या गाड्या लावल्या. स्थानक आणि कुंड यांच्यामधला जुना प्रश्न नव्या आकड्यांनिशी पुन्हा उभा राहिला होता. २०२६-२७च्या सिंहस्थातही तोच पहिला प्रश्न असणार आहे.

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. दरवर्षीची परीक्षा असते श्रावणात. तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीची फेरी असते, वीस किलोमीटरच्या आसपासची. आदल्या रविवारी संध्याकाळपासून नाशिकहून त्र्यंबकला जादा गाड्या सुटतात. एक भरली की दुसरी लागते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच फुकट प्रवास मिळाला होता, त्यामुळे रांगेत लुगड्यातल्या आजीबाई आणि त्यांच्या सुना भरपूर. आधी सिन्नरची, निफाडची, दिंडोरीची गाडी, मग त्र्यंबकची. कुशावर्तात बुडी मारायची, अंधारात अनवाणी चालायला लागायचं, पावसात भिजायचं, वाटेत राजगिऱ्याचा लाडू, केळं, साबुदाण्याची खिचडी. सोमवारी दुपारपर्यंत त्याच गर्दीतून परतीची गाडी मिळवायची आणि मंगळवारी सकाळी पुन्हा कांद्याच्या खळ्यावर किंवा सातपूरच्या पाळीवर हजर व्हायचं.